चकतीवरचा चुंबक

१५ सप्टेंबर १९८७, मंगळवार

तरंगला! तरंगला!! तांदळाएवढा चुंबक, काळ्या चकतीच्या वर, अधांतरी! मधून कागद फिरवून पाहिला — सरळ आरपार. सेहेचाळिसाव्या वर्षी एम.एस्सी.च्या लॅबमध्ये मी चक्क उडी मारली. "काका, हळू! टेबल हलतंय," — मथुरा. माझी प्रोजेक्टची जोडीदार, वर्सोव्याची कोळीण, वय एकवीस. जीभ माझ्याहून तिखट — आणि मला तर टोमणे मारायचे साप्ताहिकवाले मानधन देतात.

तीन चकत्या मेल्या. पावडर कुटा, भट्टीत भाजा, दाबा, परत भाजा — आठवडा जातो एकीला. ही चौथी पावली. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गारठली की चुंबकाला अंगाला हात लावू देत नाही. अतिसंवाहक म्हणतात, मी मानी म्हणतो.

आमच्या प्राध्यापिका जानकीबाई हसल्या — हसल्या! मग लगेच, "पाच ऑक्टोबरला बाहेरचे परीक्षक येणार. त्यांच्यासमोर तरंगला तर प्रोजेक्ट पास. नाहीतर पुढच्या वर्षी."

मला पुढचं वर्ष नाही. मुलुंडच्या ज्युनियर कॉलेजात बी.एस्सी.वर न्यूटन शिकवतोय तो मॅनेजमेंटच्या कृपेने. जूनपर्यंत एम.एस्सी. नाही झालो तर खडू काढून घेणार, बाटल्या धुवायला देणार. स्टाफरूम टपून बसलीय. आयुष्यभर सगळ्यांची टर उडवली, आता व्याजासकट मिळेल.

पण आज नाही. आज तरंगला!

१७ सप्टेंबर

चकती मुलुंडला, आमच्या कॉलेजात नेली. प्राचार्यांना दाखवला. केमिस्ट्रीवाल्यांना दाखवला — तोंडं पाहण्यासारखी! कँटीनच्या धोंडूलाही. "साहेब, ह्याच्यावर पंखा बसवला तर बिल कमी येईल का?" केमिस्ट्रीवाल्यांपेक्षा बरा प्रश्न.

२० सप्टेंबर, रविवार

उरलेला नायट्रोजन सुगंधाच्या चहाच्या थर्मासमधून घरी आणला, झाकण सैल ठेवून. "नवरा म्हातारचळला तो चळला, माझा थर्मास कशाला नासवतोय?" — ही पतिव्रता. पण चुंबक तरंगल्यावर तीच शेजारच्या प्रेमाला ओढून घेऊन आली. मग अख्खी बिल्डिंग. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "जादू आहे हो!" म्हटलं, जादू तुमच्या मेन्टेनन्सच्या हिशेबात, हे विज्ञान.

पुन्हा दाखवा, पुन्हा दाखवा! चकती बाहेर काढली की अंगावर पांढरं बर्फ धरतं. ते विरघळलं की बनियनने पुसायची, परत बुडवायची. पोरांच्या टाळ्या. इतका मान मला लेखांनी कधी दिला नाही.

२१ सप्टेंबर

मथुरा: "चकती आहे काका, नवी सून नाय! गावभर काय दाखवत फिरताय?" जळते.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

लॅबमध्ये आयुधांची पूजा. अ‍ॅमीटरला झेंडू, भट्टीला कुंकू. मागल्या वर्षी मी ह्यावर लेख पाडला होता. आज पाहतो तर चकती ठेवायच्या बाटलीलाही कुंकू! "एम.एस्सी. करतेस की गुरवपण?" मथुरा म्हणते कशी, "बाबा होडीला लावतात, मी हिला लावलं. होडी अजून बुडली नाय."

३ ऑक्टोबर

वाट लागली.

रंगीत तालीम केली. चुंबक चकतीवर ठेवला — बसला. ढिम्म. जसा बँकेतला हेडक्लार्क बसतो.

मी मथुरावर तुटून पडलो. कुंकू! ओलं कुंकू! वर्षाची माती केलीस! ती भट्टी पुसत राहिली.

जानकीबाईंनी बाटली उचलली. "कुंकू बाहेर लागलंय, बूच घट्ट आहे. ही गार असताना हवेत किती वेळा काढली?"

मी बोटं मोजू लागलो.

"मुंबईची दमट हवा, जयवंतराव. दर वेळी हिच्यावर पाणी धरतं. पाण्याने ही मरते."

म्हणजे मीच. प्राचार्य, धोंडू, चेअरमन, टाळ्या. एकेका टाळीला थोडी थोडी मारली. आणि माझ्याबरोबर त्या पोरीचंही वर्ष. नवी करायला आठवडा. हातात दोन दिवस.

मथुराची माफी मागायला गेलो. म्हणाली, "सोमवारी वेळेवर या."

४ ऑक्टोबर

जेवण गेलं नाही. सुगंधाने थर्मास घासून लख्ख केला, माझ्यासमोर ठेवला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

५ ऑक्टोबर, सोमवार

तरंगला! परीक्षक टेबलाखाली वाकून बघत होते. दोघंही पास.

चकती दुसरीच. मथुराने मला न सांगता मागच्या आठवड्यातच केलेली.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर ती पण मुलुंडला नेली असती."

"आणि दोन दिवस रडवलंस ते?"

"ते कुंकवाचे."

"मग पहिली तेव्हाच हिसकावून का नाही घेतलीस?"

बाईसाहेब पहिल्यांदाच थोड्या लाजल्या. "एवढे खूश होता, काका. म्हटलं, खेळू दे."