कोब्याखालचा चिखल

बा, आधी हे सांग, तुझं ते बाभळीच्या काट्यांचं वेडंवाकडं कुंपण कधी एका डुकरानं मोडलं नाही, आणि माझी लोखंडी अँगलवर ताणलेली नवी जाळी ही काळी डुकरीण जेव्हा मनात येईल तेव्हा उचकटून जाते, हे कसं? जाळी मी दिंडोरीच्या द्राक्षाचे मांडव बांधणाऱ्यांकडून लावून घेतली. म्हटलं, हे लोक द्राक्षाच्या अख्ख्या बागेचं ओझं तारेवर पेलतात, डुकरांचं काय घेऊन बसलात. त्यांनी वरून अशी ताणली की बोट मारलं तर वाजते. पण द्राक्षं खाली लोंबतात आणि डुक्कर खालून वर रेटतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. जाळीखाली नाकाड घालायचं, मान वर करायची, झालं. मागोमाग पिल्लं.

आणि जाते कुठं, तर सरळ शेजारच्या अण्णांच्या बागेत. बरं, द्राक्षाला तोंड लावत नाही. ठिबकची नळी चावून फोडते आणि त्या ओल्यात लोळते. परवा अण्णा बांधावरून ओरडले, "अक्का, आता एक नळी फुटली ना, तर पंचायतीत जातो. गावात डुक्कर ठेवू देणार नाय!" मी म्हटलं, "तुमच्या नळ्याच सडक्या." पण घरात आल्यावर हिशेब मांडला. डुकरं गेली तर या वयात दुसऱ्याच्या बागेत छाटणीला जाऊ का? तू शिकवलेलं हे एकच तर मला येतं.

म्हणून भर दुपारी जाळीच्या आत डुकरांत गेले आणि तू बसायचास तशी हातापायांवर बसले. आठवतं का? मी परकर खोचून फाटकाशी उभी, हातात तुझी भाकरी, आणि तू डुकरांत रांगतोयस. आई ओरडतेय, "लेकीसमोर तरी माणसासारखं वागा!" तू म्हणतोस, "उभं राहिलं की डुकराचं काही दिसत नाही." मग माझ्यावर खेकसतोस, "भाकरी वाळत घालतेस का तिथं?" मला वाटायचं, बापाचं डोकं फिरलंय. आता माझी सून दारातून बघत होती. "आत्याबाई, कंबर धरली का?" म्हटलं, "गप बस." खालून बघितलं तर जाळीची कड ढिली लोंबतेय, आणि हाताखालचा कोबा तव्यासारखा तापलेला. तुझा करंजाखालचा चिखलाचा खड्डा मीच बुजवून कोबा केला होता. सुनेला वास यायचा, आणि झाडायलाही सोपं. डुकराला घाम येत नाही, हे तूच सांगायचास. म्हणजे ही बया खायला जातच नव्हती, गार व्हायला जात होती.

करंजाखालचा कोबा फोडला, पाणी ओतलं. जाळीची कड मातीत पुरून वर दगड रचले. तेव्हापासून बाई चिखलात पडून आहे, नुसते कान हलवते. पण छाटणीपायी अण्णांनी ठिबक बंद ठेवलंय. मग तिला चिखलानं धरलंय, का दगडांनी, का बाहेर ओल नाही म्हणून पडलीय, कसं कळायचं? आणि तुला तरी हे माहीत होतं का, का नुसता खड्डा बुजवायचा कंटाळा? आई तुला आळशी म्हणायची, ते काही खोटं नव्हतं. आणि चिखलानंच डुकरं राहत होती, तर काट्यांनी हात फाडून घ्यायचास कशाला? गावाला दिसावं म्हणून? हेच डोक्यातून जात नाही.

तू वर गेलेला, ही चिठ्ठी पोस्टात कुठं टाकणार, भुशाच्या पिंपाखाली ठेवते. एक सांगते, सुनेला सांगितलेलं नाही. काल घरी कोणी नव्हतं तर मीही त्या चिखलात पाय सोडून बसले. डुकरीण जरा सरकली, जागा दिली. लय गार वाटलं. सोमवारी अण्णा पाणी सोडणार, त्या दिवशी ही राहते का जाते ते कळेल. तू त्याच्या आधी सांग. रविवारी दिवेलागणीपर्यंत. आणि नुसतं हूं म्हणू नकोस.