नंदीच्या गाड्याचा जोड

सिंदी मेघे, वर्धा
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप बंडूजी भाऊजींस,

ताराचंदचा नमस्कार. इकडे आम्ही उभयता ठीक आहोत, असे लिहिण्याची पद्धत आहे. ताईची कंबर आणि तुमचा खोकला आटोक्यात असतील, अशी आशा करतो.

फोन असताना पत्र कशाला, म्हणून तुम्ही हसाल. तुमच्या घरी फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि माझे बोलणे अख्खी ओसरी ऐकते. शिवाय मला वाक्य पूर्ण करू देणारा माणूस तिथे एकही नाही. म्हणून हे पत्र समुद्रपूरच्या गाडीच्या वाहकाकडे देत आहे. तो फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर ठेवील.

विषय छोटा आहे. मुलांच्या तान्ह्या पोळ्याच्या मिरवणुकीसाठी तुमच्या लाकडी नंदीला मी जो लोखंडी गाडा करून पाठवला, तो यंदा बाहेर काढू नये. त्याचा प्रायमर पावसाळी हवेत नीट वाळला नव्हता. वरचा रंग फुगेल, पोपडे येतील आणि शनिवारी साऱ्या गावासमोर ते वाईट दिसेल. जुना लाकडी गाडा गोठ्यात असेलच. नंदी त्यावर बसवावा. माझा गाडा पुढच्या वर्षी वापरता येईल.

प्रमिलाने ताईला नमस्कार सांगितला आहे. तुमच्या नातीला, अपेक्षाला, आशीर्वाद. रंगाचे तेवढे मनावर घ्यावे.

आपला,
ताराचंद

*

सिंदी मेघे, वर्धा
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप भाऊजींस,

नमस्कार. तुमचा व्हॉइस मेसेज मिळाला.

"साळेबुवा, रंगाले कोन पाह्यते? नंदी चढवून झाला ना! चार गडी लागले. आता उतरवा म्हनता, तं पोरं मलेच गाड्याले जुंपतील. अपेक्षा तं सकाळपासून नंदीच्या पायाशी बसून राह्यली, उतरायचं नाव नाई. तुम्ही भेता काऊन? बोजारा तुमच्याकडून नाई मांगत!"

मागून ताईचे हसणे ऐकू आले. इकडे प्रमिलाही हसली. बोजाऱ्यावरून, म्हणजे पोळ्याच्या बक्षिसावरून, मला चिडवलेले तिला आवडते. मी मेसेज पुन्हा लावला, तेव्हा मला त्यातले "अपेक्षा बसून राह्यली" एवढेच ऐकू आले.

भाऊजी, रंगाची गोष्ट खोटी होती. गाडा मोडेल, अशी मला भीती वाटते.

कापसाच्या जिनिंगचा हिशेब बघणारा बी.कॉम. माणूस सुट्टीच्या दिवशी टिनाच्या शेडमध्ये वेल्डिंग करतो, याची तुम्ही नेहमी थट्टा केलीत. ती मला आवडत असे, कारण तिच्यामागे कौतुक होते. इतरांच्या वेल्डिंगवर गाठी दिसतात. मला त्या कधी सहन झाल्या नाहीत. माझा जोड मी ग्राइंडरने घासून पाटीसारखा सपाट करतो. तुमच्या गाड्याच्या चाकांचा आस चौकटीला जोडला, तोही तसाच घासला. गाडा न्यायला आलेल्या, तुमच्या गावच्या ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या प्रेमदासने आमच्या अंगणात त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मामाजी, जोड हाय कुठी? दिसूनच नाई राह्यला." त्या वाक्यावर मी आठवडाभर खूश होतो.

गाडा केला त्याच दिवसांत, त्याच रॉडने, मी अंगणातल्या पाण्याच्या ड्रमसाठी तिवई केली होती. परवाच्या शनिवारी ती कोसळली. वारा नाही, कुणाचा धक्का नाही. प्रमिला नुकतीच बादली भरून तिथून उठली होती. निखळलेला पाय मी भिंगाखाली धरला. आत दोन्ही लोखंडांच्या कडा कोऱ्या होत्या. रॉडचा रस सांध्यात शिरलाच नव्हता. तो बाजूला सांडला होता. त्याचा जो थर कसाबसा दोन्ही तुकड्यांना धरून होता, तो मी सुबकतेपायी घासून टाकला होता.

रस बाजूला कसा सांडला, हे प्रमिलाने विचारले. मी म्हटले, रॉड दमट होते.

रॉड कोरडे होते. मला सांधा दिसत नव्हता.

उन्हाळ्यापासून उजव्या डोळ्याने सरळ पाहिले की मधला भाग नाहीसा होतो. फक्त कडेचे दिसते. नागपूरच्या डॉक्टरांनी चौकटींचा एक कागद समोर धरला. आयुष्यभर मी अशाच चौकटींत आकडे बसवले, आणि त्या रेघा मला वाकलेल्या दिसल्या. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. गेलेले परत येत नाही, असे ते म्हणाले. आता डाव्यालाही सुरुवात झाली आहे. प्रमिलाला यातले काही माहीत नाही. वेल्डिंगच्या काळ्या काचेआड ठिणगी पेटली की तिच्याभोवतीचे मला दिसायचे, ती दिसायची नाही. मी आवाजावर आणि सवयीवर हात चालवत होतो. तुमचा गाडा झाला की मशीन झाकून ठेवायचे, असे ठरवले होते. शेवटचे काम देखणे व्हावे, एवढाच विचार केला.

मारुतीच्या पारापासून ग्रामपंचायतीपर्यंतचा उतार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मुले दोराला लागलेली असतात, मोठी माणसे मागून गाडा धरून ठेवतात; पण आस निखळला, तर तो अख्खा सागवानी नंदी पुढेच पडणार. आणि पुढे, त्याच्या पायांशी, तुमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे सर्वांत लहान मूल बसवलेले असणार. घरात वाटी पडली तरी मी उठून उभा राहतो. काल धीर करून फोन लावला, तो अपेक्षानेच उचलला. "मामाआजोबा, मी नंदीचं नाव सर्जा ठेवलं," म्हणाली. मी फोन ठेवला; पुन्हा लावायचा धीर होत नाही, म्हणून लिहितो आहे.

म्हणून हात जोडून सांगतो. हे पत्र वाचता वाचताच उठा आणि अपेक्षाला खाली उतरवा. गाड्याच्या चौकटीखाली विटा रचा, मग नंदी उतरवा. प्रेमदासला बोलावून घनाने माझा जोड तोडायला सांगा. साऱ्या गावासमोर तोडला तरी माझी हरकत नाही. घनाला तो दाद देणार नाही, असेही होईल; तरी त्यावर विश्वास ठेवू नका. एका जागी धरलेला जोड दुसऱ्या जागी धरतोच असे नाही. नवा जोड प्रेमदासच्या हातून करून घ्या.

मात्र त्याला ग्राइंडर लावू देऊ नका. गाठी राहू द्या, ओबडधोबड दिसू द्या. शुक्रवारी मोठ्या पोळ्याला सकाळच्या गाडीने आम्ही दोघे येतो. डोळ्यांचे प्रमिलाला मी वाटेत सांगणार आहे. चालत्या गाडीत मला पळता येणार नाही. आल्यावर मी स्वतः गाड्याखाली हात घालीन. जोड डोळ्यांना दिसला नाही, तरी बोटांना लागला पाहिजे. तो लागला, तरच शनिवारी अपेक्षाला सर्जाच्या पायाशी बसवावे. तिला उचलून मीच बसवीन.

वाहकाला बजावले आहे की पत्र टपरीवर न ठेवता तुमच्या हाती पोहोचवावे. ताईला वाचून दाखवा, पण ओसरीत नको, आत. आणि अपेक्षा खाली आली की 'उतरली', एवढा एकच शब्द मला फोनवर कळवा. मी फोन हातात घेऊन बसलो आहे.

तुमचा, फार घाबरलेला,
ताराचंद