पटांगणाखालचा ओढा

कर्वेनगर, पुणे
१२ जानेवारी २००८

ती. बुद्धभूषणकाकांस,
निकिताचा सविनय जयभीम. वि. वि.

काकूंचे गुडघे थंडीत कसे आहेत? ईमेल शिका म्हटलं, की तुम्ही पोस्टमनची काळजी करता. म्हणून हे पत्र.

आमच्या कचेरीत येरवड्यातल्या आपल्या जुन्या वस्तीचा विकास आराखडा करायला घेतलाय. साहेब म्हणतात, हवामान बदलतंय, महिन्याचा पाऊस दोन तासांत कोसळतो. तेव्हा इमारती नंतर, आधी पाणी कुठून जाणार ते शोधा. मला तर नादच लागलाय. जुन्या नकाशावरचा एक ओढा वस्तीपाशी येतो आणि गायब होतो! पुढे पटांगण, तिथे दवाखाना व्हायचाय. काका, ओढा गेला कुठं?

माया आहे तशीच राहू द्या.
आपली,
निकिता


नागपूर
२० जानेवारी २००८

चि. निकितास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

ओढा कुठं गेला नाही. १९९३ साली मीच पुढाकार घेऊन राडारोड्यानं बुजवला. मुलांना खेळायला जागा नव्हती. लोकांनी शाल दिली, ती काकू अजून पांघरते. तेव्हा वाईट केलं असं वाटलं नाही. आता तुझा तो दोन तासांचा पाऊस डोक्यातून जात नाही.

त्या दवाखान्यासाठी वस्तीनं अकरा वर्षं अर्ज केलेत. तिथे नको, हे तू सांगू नकोस, तुझ्यावरच उलटतील. सभा कधी ते कळव. मी येतो.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझा काका,
बुद्धभूषण


कर्वेनगर, पुणे
११ फेब्रुवारी २००८

ती. सौ. सुंदराकाकूंस,
सविनय जयभीम. वि. वि.

काका गुरुवारी पोचतील. दवाखाना वरच्या अंगाला, जुन्या गोदामाच्या जागी ठरला. उशीर होईल, पण होईल. हे ते सांगतीलच. सांगणार नाहीत ते मी लिहिते.

पटांगणावरच्या सभेत काका उभे राहून म्हणाले, की ओढा मी बुजवला. इथे दवाखाना बांधलात तर एखाद्या पावसात खाटा तरंगतील. गलका उठला. पटांगणाला लागून राहणाऱ्या कांताबाई म्हणाल्या, की स्वतः नागपुरात जाऊन बसलात, आता आमचा दवाखानाही बुजवा. मला रडूच यायचं बाकी होतं.

काकांनी मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीची बादली उचलली आणि आठवेल तसा ओढा जमिनीवर आखत निघाले. लोक मागोमाग, आधी हसत, मग रेघेला वाट करून देत. रेघ कांताबाईंच्या उंबऱ्याशी आली तसे काका थांबले. बाईंनी विचारलं, की दर पावसाळ्यात माझी फरशी पाझरते ती यामुळे? काका हो म्हणाले, माफी मागितली.

 बाईंनी काकांच्या हातातली बादली घेऊन दार सताड उघडलं आणि रेघ स्वतःच्या स्वयंपाकघरातून पुढे नेली.

आठवण ठेवा, मीही ठेवते.
आपली,
निकिता