व्याह्यांच्या मोटारीची स्तुती

रविवार, ता. ९ फेब्रुवारी १९४७, सकाळी साडेनऊ. केडगावात तुझ्या व्याह्यांच्या अंगणात माझ्यावर अन्याय झाला तो या वेळी. हे आधीच लिहून ठेवते, कारण ‘अक्का, हे झालं कधी?’ असे विचारून विषय टाळायची तुझी लहानपणापासूनची सवय आहे.

चि. राधाकृष्ण यास अक्काचे आशीर्वाद. तुझी प्रकृती बरी असेलच. दुसऱ्याला मोटार सुचवणाऱ्याची प्रकृती सहसा बिघडत नाही. माझे गुडघे होते तसेच आहेत. आपल्या झुंबरचा मोतीबिंदू मात्र पिकला. पुढच्या सोमवारी, ता. १७ ला सकाळी नगरच्या इस्पितळात तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे, आणि तिला कर्जतहून आणायचे कसे हा प्रश्न आहे. सर्व्हिस मोटारीत आत बसायला जागा नसते. टपावर असते, पण डोळ्यांनी न दिसणाऱ्या धाकट्या बहिणीला मी टपावर चढवणार नाही. म्हणून जुनी मोटार घ्यावी असे मनात आले आणि लगेच तुझे पत्र आले, की तुझ्या व्याह्यांना, श्रीमंतरावांना, त्यांची मोटार विकून टाकायची आहे, अगदी नव्यासारखी आहे, फक्त लग्नकार्यात वापरलेली. कोणाच्या लग्नात ते तू लिहिले नाहीस. बहुधा श्रीमंतरावांच्या आजोबांच्या.

मी गनीभाई मेकॅनिकना बरोबर नेले. (त्यांची शरिफा माझ्या शाळेत होती, मी निवृत्त झाले तरी ते मला अजून घाबरतात.) आता आपण पडलो मुलीकडचे. तुझी विजयमाला गेल्या वैशाखातच त्या घरात दिलेली. तिच्या आत्याने सासऱ्यांच्या मोटारीला नावे ठेवली, तर पोरीला वर्षभर भाकरीबरोबर टोमणे मिळतील. म्हणून टांग्यातच मी गनीभाईंना बजावले: खोट दिसली की स्तुती करा. जेवढी मोठी खोट, तेवढी मोठी स्तुती. मी काय ते समजेन. (कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला खोटे बोलू नये असे शिकवले. त्यांना व्याही नव्हते.)

दार उघडले तेव्हा मागच्या बैठकीवरून एक कोंबडी खाली उतरली, अशा तोऱ्याने, की जणू तिचे स्टेशन आले होते. गनीभाई म्हणाले, “बैठक लई उबदार हाय, बाई.” पायाखालच्या फळीला भगदाड होते, त्यातून श्रीमंतरावांचे अंगण दिसत होते. “हवा छान खेळती.” हॉर्न दाबला तर गप्प, आणि आम्ही चहाला बसलो तेव्हा आपणहून वाजायला लागला. “न सांगता काम करतो, असा गडी मिळत न्हाई.” लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या वायूवर मोटार चालवायला मागे बसवलेली भट्टी अजून तशीच आहे, तिने माझ्या पांढऱ्या पातळावर अर्धा नगर जिल्हा काळा काढला. शेवटी गनीभाईंनी मोटार फाटकापर्यंत नेली, ब्रेक दाबला, आणि मोटार फाटकाबाहेर बरीच पुढे जाऊन कडब्याच्या गंजीत थांबली. अंगावरचा कडबा झटकत ते परत आले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, “बाई, काय सांगू. आसली गाडी म्या लष्करात बी पाह्यली न्हाई.”

मला सगळे समजले. श्रीमंतरावांनाही समजले, पण वेगळे. स्तुतीगणिक त्यांची छाती फुगत होती. शेवटी त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाले, “आक्का, आमाला आमच्या गाडीची किंमतच न्हवती. एवढी गुणाची चीज हाय तर इकायची कशाला? पोरांना घिऊन भंडारदऱ्याला जाऊ की.” विहीणबाईंनी तिथल्या तिथे मोटारीची दृष्ट काढली. (माझी कोणी काढली नाही.)

सांगायचे एवढेच, की ती मोटार मला फुकट दिली तरी नको. असला डबा बहिणीच्या माथी मारू पाहिलास, याबद्दल शुक्रवार, ता. १४ च्या संध्याकाळपर्यंत तुझी लेखी माफी आली पाहिजे.

तुझी
अक्का

ता. क. परत येताना गनीभाई म्हणाले, की कोंबडी सोडून सगळे दोन दिवसांत दुरुस्त होते, ब्रेक आधी. नगरात दुसरी मोटार विकाऊ नाही. मी चौकशी केली.

आणखी ता. क. विजयमालेचा निरोप आला. तिच्या सासूबाई शेजारणींना सांगत सुटल्या आहेत, की आमच्या सुनेची आत्या मोठ्या मनाची. पोरीच्या ताटात काल पहिल्यांदा न मागता तूप पडले. तेव्हा स्तुती मला मागे घेता येत नाही. ती तू खोटी पाड. श्रीमंतरावांना आजच लिही, की अक्का म्हातारी झाली, तिला मोटारीतले काही कळत नाही, आणि गनीभाई तिच्या भिडेने हो ला हो करतात. (त्यांना विचारले. “लिवा बाई, पर शरिफाच्या सासरी कळू दिऊ नका” म्हणाले.) असली गाडी जिने मागितली त्या अक्काच्याच गळ्यात घालावी, असे सुचव. माझ्या पाठीमागे तू हे बोलत असतोसच. आता कागदावर लिहायला काय हरकत आहे? माफी सावकाश पाठवलीस तरी चालेल. लिहिल्याचा लेखी जबाब मात्र शुक्रवारी संध्याकाळच्या आत. झुंबर रविवारी सामान बांधून बसणार आहे.