आबांची गोळी

लातूर, ६ जानेवारी २०२५

चि. आनंदराज यास मनिषाताईचा जयभीम व आशीर्वाद.

गावचा टॉवर बंद पडल्यापासून कुणाचाच फोन लागेना, म्हणून हे कंधारच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. तुझ्या महामायाचं रक्त तपासायला गेलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तिच्या फिटवर चांगली गोळी आहे, आपले आबा चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यासाठी खातात तीच. पण काहींच्या रक्तात जन्मतःच असा गुण असतो की त्या गोळीने अंगाची साल निघते, माणूस हातचा जातो. म्हणून रिपोर्ट येईपर्यंत दिलेली दुसरी गोळीच चालू ठेव. पोरगी पेंगेल, पेंगू दे, पण तीच गोळी चालू ठेव. हसू नकोस, मास्तरणीला एकच गोष्ट दोनदा सांगायची खोडच असते.

लोभ आहेच, तो पत्रातही दिसू दे.
तुझी ताई

मु. वाडी, ता. कंधार, २७ जानेवारी

ती. ताईस आनंदराजचा सविनय जयभीम.

आधी खुशखबर. महामायाची फिट थांबली! डॉक्टरांच्या त्या गोळीनं ती वर्गात झोपायची, दहावीची परीक्षा तोंडावर, मग आबांनी आपल्या पाकिटातली गोळी द्यायला सुरुवात केली. म्हणाले, माझी नात हाय, मला मानवलं ते माझ्या रक्ताला न्हाई मानवणार का. मलाही पटलं. रागावू नकोस.

परवापासून मात्र ताप आहे. डोळे लाल, तोंड आलंय, छातीवर डाग उठलेत. गोळी उष्ण पडली असणार, सब्जा आणि ताक देऊन राहिलो. तिची आई गोळी बंद करा म्हणते, पण फिट परत आली तर वर्ष जाईल. आज पाणी गिळतानाही रडली. खरं सांगतो ताई, मला भीती वाटते.

तुझी माया असू दे.
आनंदराज

लातूर, २७ जानेवारी

चि. आनंदराज यास जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, पण रिपोर्ट आला, म्हणून दुपारच्या गाडीनं हे धाडते. तो गुण महामायाच्या रक्तात निघाला! मॅडम म्हणाल्या, आईच्या अंगानं आला असेल, आजोबांना चालतं त्यावर जाऊ नका. रिपोर्ट मी दोनदा वाचला. मग वाटलं, बरं झालं आपण थांबलो, पोरगी वाचली. शाळेत सगळ्यांना पेढे वाटले. रविवारी येते, तिला नवा ड्रेस घेतलाय.

आबांना तेवढं सांग, गोळ्यांचं पाकीट तिच्या हाती लागेल असं ठेवू नका.

सर्वांवर जीव आहेच.
तुझी ताई