दोन तांबे पाणी

रविवार, ९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय सूनबाई,

एकाच घरात राहून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. समोर बसून सांगायला गेले की भलतंच काहीतरी बोलून उठते. तुम्ही दोघं ठमीला घेऊन बागेत गेलात. मी तुझे कपडे इस्त्री करून ठेवलेत. तिचा स्वेटर दुसऱ्या बाहीपर्यंत आलाय. ऑपरेशनच्या डावीकडच्या टाक्यांना घासू नये म्हणून सैल विणतेय.

आमच्या कॉन्व्हेंटात बाहेर जायचं असलं की करंगळी वर करायची. तोंडातून शब्द काढला, की सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या. तरी त्या शाळेवर माझा केवढा जीव! पांढऱ्या रिबिनी, चकचकीत बूट. ठमीलाही मी करंगळीच शिकवली. तू म्हणायचीस, "अहो आई, शू म्हणू द्या की तिला!"

गेल्या वर्षीचा तो पांढरा कॅन आठवतो? मुतखड्याच्या तपासणीसाठी ठमीची चोवीस तासांची सगळी लघवी त्यात साठवायची आणि तो फ्रिजमध्ये ठेवायचा. कामावर जाताना तू बजावलंस, "आई, एकही वेळ चुकायला नको हं." मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलंय, विसरलीस का?"

चार वाजता माझ्या शाळेतल्या तिघी मैत्रिणी आल्या. चहाचं दूध काढायला फ्रिज उघडला की कॅन दिसणार. मी तो मागच्या बाल्कनीत नेऊन बादलीखाली झाकला. ठमी दारात आली, करंगळी वर. मी डोळ्यांनीच खुणावलं, जा, तशीच जाऊन ये. त्या सातपर्यंत बसल्या. ठमी तीनदा गेली.

नंतर कॅन उचलला तर हलका लागला. मी त्यात नळाचं दोन तांबे पाणी ओतलं. ठमी बघत होती.

"आजी, हे चालतं?"

"चालतं. आईला सांगू नकोस, ती उगाच चिडेल."

रिपोर्ट आला, लघवीतलं कॅल्शियम नॉर्मल. तू मला मिठी मारलीस. मी मारू दिली.

पुढे खडे वाढत गेले, तेव्हा मीच म्हटलं होतं ना, "डब्यात रोज खारट वेफर्स दिल्यावर दुसरं काय होणार?" तू स्वयंपाकघरात पाठ फिरवून रडत होतीस. मला ते दिसत होतं. गेल्या महिन्यात तिचं डावं मूत्रपिंड काढलं, तेव्हाही तू स्वतःलाच दोष देत होतीस आणि मी तुझी पाठ थोपटत होते.

परवा डॉक्टरांना उजव्या बाजूलाही खड्याचा कण दिसला. त्यांनी फाइल मागे उलटून तोच रिपोर्ट वाचला. "कॅल्शियम तर नॉर्मल होतं. म्हणजे ते कारण नाही." मी मागच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसले होते.

काल वेणी घालताना ठमीने विचारलं, "आजी, मी खोटं बोलले म्हणून मला खडे झाले का गं?"

मी वेणी पुरी केली. रिबीनही बांधली.

हे पत्र त्या रिपोर्टलाच टाचणीने लावून ठेवतेय, म्हणजे उद्या डॉक्टरांकडे न्यायला आज संध्याकाळी फाइल उघडशील तेव्हा आधी हेच हाती येईल. डॉक्टरांना सांग, तो रिपोर्ट खोटा आहे. लघवी पुन्हा तपासा म्हणावं. कॅन तू स्वतः सांभाळ, माझ्या हाती देऊ नकोस.

मी माझ्या खोलीत आहे. तू हाक मारल्याशिवाय बाहेर येणार नाही. पण ठमीला मात्र आजच सांग, खोटं ती बोलली नव्हती.

खोटं बोललेली,
तिची आजी