पाय मोडलेल्या माणसाने काय बघावं

कोचकोर, गुरुवार दुपार

आदरणीय कादिरबाय दाजींना इशेनकुलचा दोन्ही हातांनी सलाम.

तुमचे घोडे, मेंढ्या, गाय सगळी धड असतील, कुत्रा पूर्वीसारखाच अंगावर येत असेल, आणि त्यांच्यामागे तुम्ही व बुरुल ताईही खुशाल असाल, अशी अल्लाकडे मागणी आहे. आमच्याकडे जनावरं ठीक आहेत. माणसंही बहुतेक ठीक आहेत. (बहुतेक का, ते खाली येईल. आधीच सांगितलं तर तुम्ही पत्राची घडी घालून ते चुलीपाशी ठेवाल.) पाय कसा आहे? ज्या पांढऱ्या कपाळाच्या घोड्याने तुम्हाला पाडलं त्याला तुम्ही अजून एक शब्द बोलला नाहीत, पण ज्या ओढ्यापाशी पडलात त्याला रोज शिव्या देता, असं ताई म्हणाली. अशी माया मी फार कमी माणसांत पाहिली आहे.

ताईने असंही कळवलं की प्लास्टर पडल्यापासून तुम्ही पलंगावरून सगळ्या घराला कामं शिकवत आहात. तिला चहा ओतायलाही शिकवलात म्हणे. भाचीने आणून दिलेला फोन मात्र तुम्ही दह्याच्या फडक्यावर वजन म्हणून ठेवला आहे. फोनविषयी तुमचं मत मी जाणतो. मागच्या लग्नात तुम्ही पाहुण्यांचे फोन गोळा करून किटलीत टाकलेत, आणि किटली कोरडी आहे हे सांगायचं विसरलात. तेव्हा नवरीच्या आत्याने फोडलेला हंबरडा अजून माझ्या कानात आहे. तरीही धाकटा मेव्हणा या नात्याने थोडं धाडस करतो. माझी शाळा गावातली, तीही मेंढ्यांवर जायची वेळ येईपर्यंतची. मला जे काही येतं ते माणसांकडे बघून आलं. आता चांगली चांगली माणसं फोनमध्ये राहायला गेली असतील तर तिथे जाऊन बघावं का, हे मी इमामांना विचारलं. ते म्हणाले, काय बघतोस त्यावर आहे. तर काय बघावं ते लिहितो.

पहिला मरगिलानचा एक म्हातारा. रोटीच्या मातीच्या भट्ट्या बनवतो. सुरुवातीला एक सलाम करतो आणि मग बोलतच नाही. चिखलात बकरीचे केस घालून तो मळत राहतो, मळत राहतो, आणि बघणाऱ्याच्या डोक्यातल्या गाठी सुटत जातात. मी त्याला पहाटेच्या नमाजानंतर बघतो. एकदा मात्र फोन खिशात तसाच चालू राहिला आणि मी दुपारी मशिदीत गेलो. नमाज संपताना आपण उजव्या खांद्याकडे सलाम करतो, मग डाव्या. दोन्ही झाले आणि माझ्या खिशातून तिसरा सलाम आला, चांगला ठणठणीत, मरगिलानच्या ढंगाचा. मागच्या रांगेतल्या दोघांनी त्याला उत्तरही दिलं. इमाम नंतर म्हणाले, "इशेनकुल, तुझा पाहुणा मोठा अदबीचा आहे. पुढच्या वेळी त्याला हातपाय धुऊन, वुजू करून आण." मी मान खाली घातली. पण दाजी, त्या माणसाचं काम इबादतीहून फार लांबचं नाही, असं मला अजून वाटतं.

दुसरी कझाक बाजूची एक बाई. ही घोडे हाताळते. तुम्हाला आवडेल, कारण ती माणसांशी जवळजवळ बोलतच नाही. ती म्हणते, घोड्यासमोर उभं राहा, सावकाश श्वास घ्या, तो आपण होऊन मान खाली घालील. मी आमच्या बुजऱ्या घोडीसमोर उभा राहिलो. सावकाश श्वास घेतला. घोडीने खरंच मान खाली घातली आणि माझी टोपी चावून चावून खाल्ली. (वरचा गोंडा तेवढा टाकला.) माझी तुर्सुनाय धारेच्या बादलीवरून बघत होती. म्हणाली, "ती बाई घोड्यांना शिकवते की घोड्यांकडून नवऱ्यांना शिकवून घेते?" तरी बाई बघण्यासारखी आहे. टोपीशिवाय उभं राहावं एवढंच.

तिसरा दाउलेत, तोही सीमेपलीकडचाच. गोल चेहरा, हसरा, हातात सुरी. आख्खी मेंढी सांध्यासांध्यातून अशी मोकळी करतो की कुठे हाड फोडावं लागत नाही. याच्याविषयी जरा सविस्तर लिहावं लागेल.

आमच्या नातवाला पाळण्यात घालण्याची मेजवानी तुमच्या पडण्याच्या दुसऱ्याच आठवड्यात आली. आपल्या घराण्यात मेंढी कापणार तुम्ही, हाडं वाटणार तुम्ही. आम्ही फक्त हात पुढे करतो. जन्मभर मेजवान्या जेवलो, पण माझ्या वाट्याला येतं तेवढंच हाड मला ठाऊक. म्हणून मी दाउलेतला गुरू केलं. कढईला फोन टेकवून ठेवला आणि तो सांगेल तसं करत गेलो. कापणं बरं झालं. मग तो म्हणाला, आता डोकं सगळ्यांत ज्येष्ठ पाहुण्याला. माझे हात चरबीने माखलेले, फोन थांबवता येईना, आणि तो इतक्या खात्रीने बोलत होता की मेंढी एक तर रीतही एकच असणार असं मला वाटलं. मी डोकं उचललं आणि आदराने सोरोनबाय आजांच्या पुढे ठेवलं. त्यांच्या मानाचं कमरेचं हाड आमच्या सुनेच्या, मेरिमच्या भावाकडे गेलं. तो टॅक्सी चालवतो, घाईत होता. काय खातोय हे न बघता त्याने ते संपवलं.

आजांनी डोक्याकडे पाहिलं. डोक्याने आजांकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "इशेनकुल, आज सकाळपर्यंत मी म्हातारा होतो. मधे कधी पोरगा झालो?" मी म्हटलं, "आजा, फोनमध्ये असंच..." पुढचं त्यांनी ऐकलं नाही. काठी घेतली आणि आशीर्वाद न देता उठले. दारात एवढंच म्हणाले, "कादिरबाय कापील त्या दिवशी मला बोलवा."

इथवर हसून झालं असेल तर पुढचं ऐका. आमचा एल्दियार याकुत्स्कला बांधकामावर आहे. स्वतःच्या मुलाला त्याने अजून मांडीवर घेतलेलं नाही. मेरिमने तिचा फोन पिठाच्या पोत्यावर उभा केला होता, त्याला दिसावं म्हणून. तिकडे तो डोक्यावरचं हेल्मेट काढून, दोन्ही तळहात उघडून आशीर्वादाची वाट बघत बसला होता. आजा गेले तरी त्याने हात मिटले नाहीत. त्याला वाटलं, म्हातारा माणूस, आठवून बोलायला वेळ लागत असेल. मेरिमला फोन बंद करवेना. तेव्हापासून ती पाळणा हलवताना दाराकडे बघते, आणि मला सून काही बोलत नाही हेच जास्त लागतं.

असो. तर हे तिघं जरूर बघा. पाय जपा. ताईला चहा तिच्या पद्धतीने ओतू द्या. सोबत लोण्याचा डबा पाठवत आहे. मिनीबसवाला वाटेत बोट घालील, तेवढं समजून घ्या.

तुमच्या दुआंमधला,
इशेनकुल

ता. क. पुढच्या शुक्रवारी नवी मेंढी आहे. प्लास्टर त्याआधी उतरणार असं ताई म्हणाली. बसून कापलंत तरी चालेल, मी उशा रचून ठेवीन. तुम्ही येणार असं मी आजांना सांगून टाकलं आहे. ते नवी टोपी शोधत आहेत.

दुसरा ता. क. पिठाच्या पोत्यावर फोन उभा असेल. दाजी, तो किटलीत टाकू नका. पत्र लिहायला बसलो ते एवढ्यासाठीच. बाकीचं सगळं या ओळीपर्यंत पोचायला लिहिलं.

तिसरा ता. क. पाकीट बंद करण्याआधी मेरिमला म्हटलं, दाउलेतचा व्हिडिओ दाजींना सापडेल असं काहीतरी लिहून दे. तिने तो उघडला आणि खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचत सुटली. एकाने लिहिलंय, 'सुरी अशी धरतात का? आणि आमच्याकडे डोकं म्हाताऱ्याला देणाऱ्या गाढवाला दुसऱ्यांदा जेवायला बोलवत नाहीत.' लिहिणाऱ्याचं नाव नाही, नुसता घोड्याचा फोटो आहे. कपाळ पांढरं, मागे ओढा. याच माणसाने मरगिलानच्या म्हाताऱ्यालाही माती अजून मळायला सांगितली आहे. म्हणजे दह्यावर दुसरं काही वजन मिळालेलं दिसतं.

त्या डोक्याच्या ओळीखाली याकुत्स्कहून एकाने उत्तर दिलंय, 'खरं बोललात आजोबा. हे कोणीतरी माझ्या बापाला दाखवा.' तो आमचा एल्दियार. तुम्ही कोण हे त्याला ठाऊक नाही. शुक्रवारी पोत्याच्या बाजूला तोंड करून बसा, म्हणजे कळेल.